खाल्लेल्या अळ्यांची मोजणी

आत्ताच सांगते. स्कूटी कडेला लावून टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या. घरी गेल्यावर मला हे लिहवणार नाही.

शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात एक काका होते. बोलता बोलता मधेच एक बोट वर करायचे अन् म्हणायचे, "थांब की जरा." म्हणजे पाखरू आलं.

माझं काम कीड सर्वेक्षणाचं. ठरलेल्या शेतात जायचं, हरभऱ्याच्या ओळीत बसून अळ्या मोजायच्या, आकडा मोबाईलवर भरायचा. मर्यादेच्या वर गेला की फवारणीचा सल्ला निघतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी खुरपणाऱ्या बायांना ओरडून सांगितलं, आळीवाल्या मॅडम आल्यात, आपापल्या आळ्या दाखवा. बाया हसून बेजार.

पाखरांना बसायला त्यांनी रानात जागोजागी काठीवर आडवी काठी बांधून थांबे केलेले. प्रत्येकाचा मालक ठरलेला. हा कोतवालाचा, तो वेड्या राघूचा, बांधाकडचा नीलकंठाचा. नीलकंठ साहेब माणूस, उशिरा येतो म्हणायचे.

थांब्याखालची घाण काका काडीनं उकलायचे. "हे बघ, आळीचं डोकं. तू जित्या मोजतीस, मी खाल्लेल्या. माझा आकडा कुठं भरतीस?"

तसा रकानाच नव्हता. मी नुसती हसायचे.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर चार दिवस आभाळ आलं, अळ्या वाढल्या. मग एका सकाळी लई मस्त ऊन पडलं. दवावर चतुर, नाकतोडे, पिवळी फुलपाखरं, मी व्हिडिओ काढत सुटलेली. मोजलं तर आकडा मर्यादेच्या जरासा वर. तेवढ्यात काकांचं बोट वर गेलं. एकदम पाच कोतवाल थांब्यांवर उतरले होते. खाली झेप, अळी चोचीत, परत वर.

"दोन दिस थांब, मॅडम. आजच तर आलेत."

मी थांबले नाही. आकडा भरला. वरून गावाच्या ग्रुपवर अळीचा फोटो टाकला, खाली लाल अक्षरात इशारा. सगळ्यांच्या आधी सांगायची घाई, दुसरं काय.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या शिवारात पंप फिरले, जहाल औषधाचे. काकांनी मारलं नाही. पण पाखरांना बांध कुठं कळतो?

तिसऱ्या दिवशी गेले तर काका थांब्याखाली बसलेले. समोर कोतवाल मरून पडलेला, दुभंगलेली शेपटी मातीत. काका त्याच्यावरच्या मुंग्या बोटानं बाजूला करत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझी मोजणी बरोबरच होती, पोरी."

पोरी. मॅडम नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज परत त्याच शेतात गेले. काका उन्हाळ्यातच शेत बटईनं कसायला देऊन लातूरला मुलाकडं गेलेत. बटईवाला म्हणाला, जाताना थांबे काकांनीच उपटले. नीलकंठाचा तेवढा राहिला. त्याच्यावर फवारताना तोंडाला बांधायचा रुमाल वाळत घातलेला. मी तो काढून हातात धरला अन् तासभर उभी राहिले. एक पाखरू आलं नाही.

मग मोजलं. आकडा वर आहे. भरलाय, पाठवायचं बटण दाबलं नाही. पण आता थांबू कुणासाठी?

तुम्हाला कुणी असं थांब म्हणलं होतं का? तुम्ही थांबला होतात का?