ओळंब्याचा कल

चेंडू कुठे पडेल हे मारणाऱ्याच्या मनगटात असते; पण पडल्यावर तो कुठे वळेल, हे जमिनीच्या पोटात असते. मायबापहो, त्या पोटातले गुज ओळखणारा एक माणूस होता, त्याची ही गोष्ट.

टेकडीवरच्या गोल्फच्या मैदानावर तो तीस वर्षे कॅडी होता. खेळणाऱ्याची काठ्यांची बॅग खांद्यावर घ्यायची, चेंडूमागे चालायचे, आणि झेंड्याजवळच्या बारीक कापलेल्या गवतावर, ज्याला तिथे ग्रीन म्हणत, गुडघा टेकून जमिनीचा कल सांगायचा. उजवीकडे दोन बोटे. डावीकडे एक वीत. त्याने सांगावे, चेंडूने वळावे आणि खड्ड्यात टुपकन पडावे! भिंत सरळ आहे का हे गवंडी ज्या वजनाच्या दोरीने पाहतो, तिचेच नाव सोबत्यांनी त्याला दिले होते: ओळंबा. साहेब आवडता असो की नावडता, तीस वर्षांत ओळंब्याने खोटा कल एकदाही सांगितला नाही.

टेकडीच्या पायथ्याशी तळे, आणि तळ्याकाठी दुसरे मैदान. दोन्हींची कीर्ती मोठी, दोन्हींचे मालक एकच. कोणी म्हणे, तळ्याचे गवत पाहा, पात्याला पाते सारखे. वाळू पाहा, चाळून भरल्यासारखी. पाण्यावरून चेंडू उडतो तेव्हा छातीत पाखरू फडफडते. कोणी म्हणे, टेकडी पाहा! तिथे वारा रोज नवा, उतार पावलागणिक वेगळा, खेळणाऱ्याला डोके वापरावेच लागते. ओळंबा कुणालाच खोटे पाडत नसे. पण टेकडीचा एक गुण त्याच्या काळजात बसला होता. टेकडी चुकलेला चेंडू परत देते. झुडपात देईल, दगडाआड देईल, पण देईल. तळे देत नाही.

आणि मालकांनी ठरवले, की दोहोंपैकी एकच मैदान ठेवायचे आणि दुसऱ्यावर घरे बांधायची.

ओळंब्याचा जावई तळ्याच्या मैदानावर गवताची निगा राखत होता. टेकडी गेली तर सासऱ्याच्या खांद्यावरची बॅग जाणार. तळे गेले तर जावयाच्या हातातले यंत्र जाणार. राहत होती सगळी एकाच दोन खोल्यांच्या घरात, आणि लेकीचे दिवस भरत आले होते. म्हणून ओळंब्याने निश्चय केला: कोणी काही विचारो, आपले तोंड बंद.

कुठले मैदान ठेवावे हे पाहायला मालकांनी पाठवलेले पाहणीवाले साहेब आले. टेकडीवर खेळता खेळता प्रत्येक झेंड्यापाशी विचारू लागले, "काका, अडीनडीला तुम्ही तळ्यावरही बॅग उचलली आहे. सांगा ना, उजवं कुठलं?"

"उजवा डोळा दाखवता येतो, साहेब. उजवं मैदान कसं दाखवू?"

"वस्ताद आहात!" साहेब हसले.

असे सतरा झेंडे निभावले. अठरावी ग्रीन मात्र फसवी. दिसायला ती टेकडीच्या अंगाला उतरते, खरी उतरते तळ्याच्या अंगाला. ओळंब्याने सवयीने गुडघा टेकला, डोळा जमिनीला लावला. साहेबांनी चेंडू ठेवला आणि हळूच विचारले, "काका, आता खरं सांगा. कल कुणीकडे?"

तीस वर्षांची साधना जिभेवर आली. "तळ्याकडे. वरवर टेकडीकडे वाटेल, साहेब, पण आतली ओढ तळ्याचीच."

साहेब चमकले. काठी काखेत धरून त्यांनी वही काढली, काहीतरी लिहून घेतले, वही खिशात ठेवली. मग चेंडू सरळ टोलवला. तो तळ्याच्या बाजूला घरंगळत गेला.

"अरेच्चा! इथे उतार आहे होय?" साहेब म्हणाले.

आणि ओळंब्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. साहेबांनी जमिनीचा कल विचारलाच नव्हता! त्यांनी माणसाचा कल विचारला होता. शब्द एकच, पण पडला तो पाण्यात. तो सावरून उठेपर्यंत साहेब गाडीत बसले होते, आणि दोन पावलांवर झेंडा धरून उभा होता रेडिओ, म्हणजे तो कॅडी, ज्याच्या कानावर पडलेली गोष्ट गावभर झाल्याशिवाय राहत नसे.

कॅडींच्या खोलीत ओळंबा शिरला तेव्हा बाकावरचे सगळे पाय पसरून बसले.

"तळ्याकडच्यांनी तळ्यात बसावं. इथं जागा नाही."

"अरे बाबांनो, मी उताराचं बोललो!"

"उताराचंच की," रेडिओ म्हणाला. "आमचाच उतार सुरू केलास!"

कोणीही हसले नाही. तीस वर्षांत त्या बाकावर असे कधी झाले नव्हते.

घरी आला तर लेक ताट वाढून बसलेली, डोळे भरलेले. "बाबा, रेडिओकाका सांगून गेले. स्वतःचं काम सोडलंत आमच्यासाठी?"

"अगं, ऐक तर माझं…"

"काही बोलू नका. आधी जेवा."

एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा जावई उठला, सासऱ्याचे अंथरूण जमिनीवरून उचलून त्याने आपल्या खाटेवर घातले आणि म्हणाला, "आजपासून इथं झोपायचं, बाबा."

काय करावे या माणसाने? टेकडीवर शिव्या मिळाल्या, त्या त्याच्या नव्हत्या. घरात माया मिळाली, तीही त्याने कमावलेली नव्हती. शिव्या सोसता येतात हो. न केलेल्या त्यागाची खाट पाठीला टोचते!

सकाळी तो तळ्यावर गेला. तिथे साहेब पाहणी करत होते, आणि चार हातांवर जावई गुडघ्यांवर बसून नवा खड्डा कापत होता.

"साहेब, कालचं माझं वाक्य…"

"काका, मोठ्या मनाचं बोललात. टेकडीवरचाच जुना माणूस तळ्याची बाजू घेतो! अहवालात पहिलं तेच घालतोय. का, खोडायचंय?" साहेबांनी पेनचे टोपण काढले.

जावयाचा हात थांबला. कापलेला मातीचा गोळा त्याच्या ओंजळीत तसाच राहिला. वर त्याने पाहिले नाही.

ओळंब्याचे सारे अंतःकरण टेकडीकडे कलले होते. एक शब्द, आणि बाकावर जागा परत, नाव परत, तीस वर्षे परत! त्याने टेकडीकडे पाहिले. मग ओंजळीकडे पाहिले.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "कल तळ्याकडेच."

आयुष्यात सांगितलेला तो पहिला खोटा कल.

टेकडी गेली. लेकीला मुलगी झाली. तळ्यावर सासऱ्यालाही बॅग मिळाली, आणि खाट त्याचीच राहिली. दोनदा त्याने अंथरूण खाली घातले, दोनदा जावयाने ते उचलून वर ठेवले.

तळ्याच्या ग्रीन यंत्राने सपाट केलेल्या, ताटासारख्या. तरी ओळंबा प्रत्येक झेंड्यापाशी गुडघा टेकतो, डोळा जमिनीला लावतो. नजर वर गेली की टेकडीवर गवंडी दिसतात, नव्या भिंतींना ओळंबे लावणारे.

"काका, कल कुणीकडे?" कोणी साहेब विचारतात.

"कुणीकडेच नाही, साहेब. सरळ मारा."