नववीच्या मुलांना दाखवावा का?

डोंबिवलीतल्या बऱ्याच घरांत मुलांना कुठला सिनेमा दाखवायचा, हे शुभदा गानू ठरवत असे. शाळेतली मराठीची नोकरी सोडल्यावर तिनं डोंबिवलीतल्याच एका साप्ताहिकात ‘पालकांनो, आधी मी बघते’ असं सदर सुरू केलं होतं. सिनेमा चांगला की वाईट हे ती दोन ओळींत उरकायची. शिव्या किती आहेत, मारामारी कशी दाखवली आहे, पोर झोपेत दचकून उठेल का, हे मात्र नीट सांगायची. भाजी घेताना बायका तिला अडवून विचारत, "अहो, नवीन आलाय तो धाकट्याला नेऊ का?" ती सांगेल तसं करत.

नवरा सलिल ठाण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. सोसायटीचा सेक्रेटरी, गणपतीत आरतीला पुढे, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की गाडी घेऊन हजर. शेजारणी म्हणत, "शुभदाताई, नशीब काढलंत." आणि हाच माणूस, फोन उचलायला उशीर झाला एवढ्यावरून तिचा दंड पिरगळायचा, डोकं भिंतीवर आपटायचा. मारताना बेडरूमचं दार आठवणीनं लावून घ्यायचा. पोरीसमोर नको, एवढी एकच विनवणी तिनं केली होती आणि ती त्यानं पाळली होती. पोरगी म्हणजे अंतरा, नववीतली. तिच्यापर्यंत काही पोचत नाही, या एका समजुतीवर शुभदाचा संसार उभा होता.

त्या वर्षी ‘दार लोटलेलं’ नावाचा सिनेमा आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. कुणी चार तारे दिले, कुणी साडेचार. हिंसा एकदाही न दाखवता अंगावर काटा आणतो, असं सगळ्यांनीच लिहिलं. एकानं मात्र लिहिलं, की इतकं गुदमरलेलं घर पैसे देऊन कोण बघेल? सर्टिफिकेट होतं यूए तेरा प्लस, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांनी पालकांच्या सल्ल्यानंच बघायचा. ठाकुर्लीजवळच्या अंतराच्या शाळेनं तो नववीला दाखवायचं घाटलं आणि पालक बिथरले. साप्ताहिकाचे संपादक प्रभाकर ओक यांनी शुभदाला फोन केला. "वहिनी, लवकर बघून घ्या. दाखवावा की नाही, एका वाक्यात सांगा. लोक तुमच्याकडे डोळे लावून बसलेत."

कल्याणच्या मल्टिप्लेक्समध्ये सकाळच्या खेळाला ती एकटीच गेली. पडद्यावर एक मुलगा गृहपाठ करत बसला होता. आतल्या खोलीचं दार बंद झालं आणि पलीकडून आईचा दबका आवाज आला. मुलगा शांतपणे उठला, स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं रिकामा मिक्सर सुरू केला, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

अंतराला भलत्या वेळी मिल्कशेकची हुक्की येते, हे शुभदा मैत्रिणींना हसत हसत सांगत आली होती. बंद दाराआड, केस सलिलच्या मुठीत असताना, स्वयंपाकघरातून येणारी ती घरघर तिनं कितीदा ऐकली होती. पोरगी आपल्याच नादात आहे म्हणून तिला तेव्हा हायसं वाटायचं.

पुढचा सिनेमा तिला दिसलाच नाही. दिवे लागले, झाडूवाली बाई येऊन "मॅडम, संपला" म्हणाली, तेव्हा ती उठली.

पालकसभेला सलिल आवर्जून आला. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "मुलांचं वय कोवळं असतं. चांगल्या घरांतल्या मुलांच्या डोक्यात हे असलं कशाला भरायचं? आमच्या हिनं सिनेमा पाहिलाय. तीच सांगेल." टाळ्या पडल्या. शुभदा उभी राहिली. दाखवा, असं म्हणायचं तिच्या मनात होतं. पण सलिल तिच्याकडे बघून हसला. ते हसू तिला ठाऊक होतं.

"नको," ती म्हणाली. "या वयाला जड आहे."

शाळेनं खेळ रद्द केला. दुसऱ्या दिवशी अंतरा शाळेतून आली ती दप्तरही न काढता समोर उभी राहिली.

"आई, तू नको बोललीस?"

"अगं, तुमच्या वयाला..."

"मी बघितलाय तो. मी आणि श्रिया गेलेलो, कोणाला न सांगता. श्रिया रडली. मला तर रडूच नाही आलं. मला वाटलं, चला, अजून कोणाच्या तरी घरात असं आहे." तिचा आवाज फुटला. "तू सगळ्यांसमोर हो बोलली असतीस ना, तर मला वाटलं असतं की तू कधीतरी काहीतरी करशील."

शुभदानं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. अंतरा मागे सरकली.

त्यानंतर एका दुपारी अंतरा शाळेतून घरी आलीच नाही. शुभदानं तिच्या मैत्रिणीला, श्रियाला फोन केला, क्लासमध्ये विचारलं, रेल्वेच्या पुलापर्यंत धावत जाऊन आली. मग ठाण्याच्या वर्तकनगरहून धाकट्या बहिणीचा, चित्राचा फोन आला.

"ताई, अंतरा माझ्याकडे आहे. सगळं सांगितलंय तिनं." चित्रा रडत होती. "आम्हाला का नाही गं कधी बोललीस? ती परत येणार नाही म्हणते. तू तरी ये."

सलिल ऑफिसातून यायचा होता. शुभदानं अंतराचे कपडे पिशवीत कोंबले आणि अंगावरच्या ड्रेसनिशी निघाली.

सलिलनं आरडाओरडा केला नाही. तो नातेवाइकांना एकेक करून फोन करत राहिला, खोल गेलेल्या आवाजात. "असले सिनेमे बघून बघून आमच्या हिच्या मनावर परिणाम झालाय हो. पडद्यावरचं घर तिला आपलंच वाटायला लागलंय." लोकांना ते पटलं. सासूबाईंना पटलं, शेजारणींना पटलं. श्रियाच्या आईनं अंतराशी बोलायला श्रियाला मनाई केली. प्रभाकरांचा फोन आला तेव्हा शुभदाला वाटलं, निदान हे तरी विचारतील.

"वहिनी, सलिलराव फार खचलेत," ते म्हणाले. "आणि सदराचं म्हणाल तर, थोडे दिवस थांबवू या. पालकांचं सदर आहे, लोक चारचौघांत बोलतात."

चित्राच आग्रह धरून शुभदाला आणि अंतराला पोलीस चौकीत घेऊन गेली. टेबलामागे एक पोलीसबाई होत्या, वयानं शुभदाएवढ्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आत्ता अंगावर काही खूण आहे का?"

"नाही. जुन्या होत्या, गेल्या."

"फोटो? डॉक्टरचा कागद?"

"डॉक्टरांना मी न्हाणीघरात पडले म्हणून सांगायचे."

"कोणी पाहिलंय?"

कोणी पाहू नये म्हणून तर शुभदानं इतकी वर्षं खटाटोप केला होता.

"मला माहितीये सगळं," शेजारून अंतरा म्हणाली. "मी सांगते."

"नको, ती लहान आहे..." शुभदा कळवळली.

पोलीसबाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, ती बोलतेय तर बोलू दे. तुम्ही बाहेर बसा जरा. आई समोर असली की मुलं अडखळतात. तुमच्या बहिणीला राहू दे तिच्याजवळ."

बाहेर बाकावर शुभदा एकटी बसली. आतून शब्द कळत नव्हते. अंतराचा एकसुरी आवाज तेवढा येत होता, धडा म्हणून दाखवावा तसा, मध्ये न थांबता. किती बोलतेय ही. शुभदाला वाटलं होतं, दोनचार प्रसंग असतील. आवाज थांबेचना. उठून आत जावं, तिच्या तोंडावर हात ठेवावा, असं तिला अनावर वाटलं. तिनं बाकाची कड घट्ट धरून ठेवली. पर्समध्ये फोन थरथरत होता. सलिलच असणार.

बऱ्याच वेळानं अंतरा बाहेर आली. चेहरा पांढराफटक पडला होता. ती आईशेजारी बसली, पण मधे जागा सोडून.

"त्या म्हणाल्या, बाबांना बोलावतील," ती म्हणाली. "मग मला त्यांच्यासमोर परत सांगावं लागेल?"

शुभदा उठली आणि हेच विचारायला आत पोलीसबाईंकडे गेली.