डोंगरावरचा फोकस उतरवला

मैत्रिणींनो, आज मी जिंकले.

म्हसवडजवळ आमच्या डोंगरावर आपोआप चालणारी दुर्बीण हाय. माझी लेक सांगलीत बसून कॉम्प्युटरवर तिच्यातनं धूमकेतू शोधती. गावाला लय कौतुक. म्हणून सरपंचानं देवळावर सोडतात तसा दुर्बिणीच्या घुमटावर फोकस सोडला. त्या उजेडात दुर्बिणीला आभाळातलं काय दिसंना. लेक रडकुंडीला आली.

काल सरळ सरपंचाच्या दारात गेले.

"फोकस काढ."

"आवं काकू, गावाची शोभा हाय ती."

"शोभा तुला दिसती रं. दुर्बिणीला अंधारच लागतो."

वायरमन येऊन फोकस उतरवंपर्यंत मी हलले न्हाई.

आज सकाळी लेकीचा फोन. "आई, धूमकेतू सापडला, शेपटीसकट."

फोटो टाकलाय. पहिलं लाईक सरपंचाचं हाय.

तुमच्या गावात कुठला दिवा उगाच जळतोय?