चार बटणं आणि एक वटवाघूळ

मास्तरांना गल्लीत सगळे उद्यामास्तर म्हणत, आणि ते काही कुणी वाईट मनानं म्हणत नसे. कपडे शिवून घ्यावेत तर मास्तरांकडूनच, पण मिळणार मात्र उद्या. तो उद्या कधी परवा असे, कधी पुढचा आठवडा. माणूस लबाड नव्हता हो. समोर आलेल्याला नाही म्हणणं जमत नसे, एवढंच. आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत सगळ्यात शेवटी कोण? तर स्वतःची लेक. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शाळेतल्या नाटकाचा झगा तिला नाटक होऊन तिसऱ्या दिवशी मिळाला होता.

आता तिची पहिल्या नोकरीची मुलाखत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. काळा कोट तयार होता. अस्तर बसलं होतं, काजं झाली होती, राहिली होती फक्त चार बटणं. दिवेलागणीला मास्तर ती लावायला बसले आणि नेमकं तेव्हाच खिडकीतून वटवाघूळ आत आलं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एकच लांब खोली. एका टोकाला शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला ओटा. वटवाघूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत घिरट्या घालायला लागलं. मास्तरांनी कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली.

"ठेवा ती खाली," बायको म्हणाली. ती धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर होती, वटवाघळं तिच्या रोजच्या ओळखीची. "मारायचं नाही आणि हात तर मुळीच लावायचा नाही. चावलं तर इंजेक्शनं घ्यायला पळावं लागेल. खिडक्या सताड उघडा, दिवे घालवा आणि गप्प बसा. त्याचं ते जातं."

दिवे घालवले. तिघं भिंतीला टेकून बसली. शेजारी कुलूप होतं आणि जिन्यातला दिवा महिनाभर बंद, म्हणजे कोट घेऊन दुसरीकडे बसायचीही सोय नव्हती. मास्तरांना आयतंच निमित्त चालून आलं होतं, तेही पंख लावून.

"अगं, आता बटणं म्हणजे..." ते लेकीला म्हणाले, "पहाटे उठून लावतो."

"बरं बाबा," लेक म्हणाली. रागानं नाही, रुसून नाही, नुसती सवयीनं. ते मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मास्तर सकाळीच दहा सुया ओवून ठेवत, कामात खोळंबा नको म्हणून. डोळे मिटून बटण लावतो, ही बढाई तर ते तीस वर्षं मारत आले होते. आता मारलीस ना बढाई, मग लाव, असं स्वतःलाच म्हणत त्यांनी चाचपडत कोट मांडीवर ओढला. एक पदर दुसऱ्यावर ठेवला, काजातून बोट घातलं की बटणाची जागा सापडते. दोनदा सुई बोटात गेली.

"पडद्यावर बसलंय," बायको हळूच सांगत होती. "बसू दे. दमलंय बिचारं."

दुसरं बटण झालं. तिसरं झालं. मग पडदा हलला आणि खिडकीच्या उजेडातून एक काळी सावली बाहेर गेली.

"गेलं," म्हणत बायको उठली.

"दिवा नको लावूस," मास्तर म्हणाले. "चौथं होऊ दे."

मग दिवा लागला. चारही बटणं पक्की आणि एका रेषेत. फक्त शेवटचं तपकिरी निघालं. ते बदलायला त्यांना दोन मिनिटं लागली, पण हसायला तिघांनाही त्याहून जास्त.

लेकीनं कोट घातला, चारही बटणं लावली आणि पेटीमागून एक पिशवी काढली. आत मैत्रिणीचा कोट होता.

"मागून आणला होता, बाबा," ती खालमानेनं म्हणाली. "मला वाटलं..."

पुढचं मास्तरांना सांगावं लागलं नाही. वाईट वाटलंच. त्यांनी तो दुसऱ्याच्या हातचा कोट उलटून पालटून पाहिला, नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि पिशवी लेकीच्या हातात दिली.

"जा, देऊन ये," ते म्हणाले. लेक नवा कोट अंगात घालूनच जिना उतरली.