टप कापला तो दिवस

काल आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, युनिव्हर्सिटीतून परतले, तेव्हा इथे परदेशात, क्लेटनमध्ये, आमचा शेजारी ग्रेग त्याच्या मोटरसायकलची फ्रेम कापत होता. ग्राइंडरखाली जळणाऱ्या रंगाचा वास आला आणि मी फाटकातच थबकले.

"यू राइट, मेट?" मी ठीक आहे ना, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. खरं तर मी सांगलीला, पप्पांच्या गॅरेजमध्ये उभी होते.

मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. पप्पा डेंटिंगचं काम करायचे. एक जुनी अमेरिकन शेवरले चार महिने त्यांच्याकडे होती. तिचा गंजलेला पत्रा त्यांनी तसूतसूने ठोकून सरळ केला, तिला फिकट निळा रंग दिला. तिच्या मागच्या लांबरुंद सीटवर बसून मी अभ्यास करायचे. मग मालक आले, खूश झाले आणि म्हणाले, "आता टप कापून टाका. वरातीत नवरदेव उभा राहिला पाहिजे."

"साहेब, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही."

"गाडी माझी आहे ना, मिस्त्री?"

दुसऱ्या सकाळी पप्पांनी स्वतःच ग्राइंडर उचलला. निळ्या रंगावर ठिणग्या उडाल्या, रंग काळा पडत गेला. "पप्पा, नको!" मी किंचाळले. ते थांबले नाहीत. माझे पप्पा असं करू शकतात, यावर माझा विश्वासच बसेना. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्या रात्रीचं आईचं बोलणं मी ऐकलं होतं, पण ते मला कळलं बहुधा कालच. "दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं कापायला," ती म्हणाली होती.

"त्याने वाकडा कापला असता," एवढंच बोलून पप्पा भरल्या ताटावरून उठले होते.