गिरणीतला मिस्त्री

लढाईच्या दिवसांत इंटरची परीक्षा देऊन मी कर्जतला घरी आलो, तेव्हा काकांनी माझ्यासाठी मुंबईत कारकुनी ठरवूनही टाकली होती. मला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. पण का, ते त्यांना पटेल असं सांगता येत नव्हतं. मन रमवायला मी रोज समोरच्या भातगिरणीत जाऊन बसे.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलंच नाही. लाकडी दांडक्याचं एक टोक तो चालू इंजिनाला टेकवी, दुसरं कानाला लावी आणि डोळे मिटून ऐकत राही. कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा झाला, तर आधी तो धोतराला पुसून घेई.

एकदा इंजिन कुरकुरू लागलं. मिस्त्रीने क्षणभर ऐकलं आणि दांडकं तेल घालणाऱ्या गड्याच्या हाती दिलं. गडी ऐके, इंजिन बंद करून उघडे, पुन्हा चालू करी. दोष सापडायला तास गेला. बाहेर भाताच्या गाड्या खोळंबल्या, शेठ ओरडू लागला. मिस्त्री आपला विडी ओढत बसला होता.

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" मी विचारलं.

"मंग? पन मला एकट्याला कळून काय उपेग रं? मी काय जल्माला पुरनार हाय?"

त्या संध्याकाळी मी काकांना म्हणालो, "ज्याच्या हाताखालची माणसं शहाणी होतात, असा इंजिनिअर व्हायचंय मला."

काका म्हणाले, "पुण्याची गाडी कितीला आहे?"