पेपर एकदाच द्यायचा

फ्लेक्सवर सगळ्या मुलांच्या फोटोखाली आकडा होता. माझ्या मुलीच्या फोटोखाली आकडा नव्हता. कंसात दोनच अक्षरं होती. एसटी.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या दुकानांच्या वर तिचा क्लास. जिन्याच्या तोंडाशीच तो फ्लेक्स लावला होता. वरच्या रांगेत सीईटीला नव्व्याण्णव पर्सेंटाईल मिळालेले, मोठ्या फोटोत. त्याखाली अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, त्र्याण्णव. अगदी खाली कोपऱ्यात रोशनी. ओळखपत्रावरचाच फोटो, त्याखाली सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव आणि तो कंस. कॉलेजचं नाव क्लासला हवं होतं. तिचे एक्क्याऐंशी नको होते.

मी पहिली पाळी करून आले होते. अंबरनाथ एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगची लाइन सांभाळते. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. रोशनीने फ्लेक्सचा फोटो काढायला मोबाइल वर केला होता, तो तिने तसाच खाली घेतला.

"आई, पेढे राहू दे. चल."

मी म्हटलं, आणलेत तर देऊन जाऊ.

वर ऑफिसात क्लासचे सर बसले होते. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी आलेले काही पालक बाकावर होते. सरांनी पेढा घेतला, अभिनंदन केलं. मग पालकांकडे बघत म्हणाले, "यांचं बरं आहे. एक्क्याऐंशीला काम झालं. आपली पोरं शहाण्णव घेऊन रडतायत."

बाकावरचा एक बाप हसला. त्याच्या मोठ्या मुलाचं यंदा थोडक्यात हुकलं होतं म्हणे. "सर, अगले साल हम भी सर्टिफिकेट बनवा लेते हैं," तो म्हणाला. मग सगळेच हसले. मीसुद्धा थोडं हसले. ती सवय चेहऱ्याला लहानपणीच लागते, नंतर सांगावं लागत नाही.

सर्टिफिकेट बनवायचं. जसं काही झेरॉक्सच्या दुकानात मिळतं. आम्ही जातीचा दाखला काढला, मग तो दाखला खरा आहे असं सांगणारा दुसरा दाखला काढला. त्यासाठी माझ्या सासऱ्यांच्या शाळेचं जुनं रजिस्टर शोधत माझा नवरा किती ठिकाणी फिरला, ते त्या बाकावर सांगण्यात अर्थ नव्हता.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी रोशनीला जवळ बोलावलं आणि मायेने सांगितलं, "तू हुशार आहेस, मला माहीत आहे. ही सीट सोड. एक वर्ष ड्रॉप घे, रिपीटर बॅचला बस. ओपनमधून काढून दाखव. मग कोणाची बोलायची हिंमत होणार नाही. तुझा फोटो सगळ्यात वर लावतो, बघ."

ते मनापासून बोलत होते. त्यांची रिपीटर बॅच भरायची होती हे खरं, पण मनापासून बोलत होते हेही खरं.

शेअर रिक्षा पकडली. अंबरनाथला, बुवापाड्याच्या घरी आलो. तिने पाय धुतले, ओढणी खुंटीला टांगली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मी ही सीट घेत नाहीये. ड्रॉप घेते."

सीट पक्की करायला दोन दिवस राहिले होते. नाही केली तर गेली. पुढच्या वर्षी परीक्षा कशी जाईल कोणी सांगावं. पोरीला ताप येतो, पेपर अवघड निघतो, घरात कोणी आजारी पडतं. हातातली सीट सोडायची ती कशासाठी, तर बाकावर बसलेल्या एका माणसाने पुन्हा हसू नये म्हणून. तिचे पप्पा म्हणाले, तिच्या मनाविरुद्ध करू नको. मी म्हटलं, मन नंतर बघू, आधी भाजी चिरते.

भाजी चिरताना मी त्या एक्क्याऐंशीचा विचार केला. आकडा खोटा नाही. रोशनी केमिस्ट्रीत कच्ची आहे, मला माहीत आहे. पण त्या क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट असायची आणि सोमवारी ग्रुपवर नावं यायची. वरचे मार्क असलेली मुलं एसीच्या खोलीत, तिथे सर स्वतः शिकवणार. बाकीची गच्चीवर पत्र्याखाली, तिथे आदल्या वर्षी बारावी झालेला कोणीतरी शिकवणार. फी दोन्हीकडे एकच. रोशनी पहिल्याच महिन्यात पत्र्याखाली गेली आणि तिथेच राहिली. आमच्या कंपनीत सकाळी माल जोखण्याआधी काटा जोखतात. ठरलेलं वजन ठेवून बघतात. काटा चुकला तर माल नाही, काटा बाजूला ठेवतात. मुलांच्या बाबतीत काट्याकडे बघायची पद्धत नाही. कोणाला एसी मिळाला, कोणाला पत्रा, हे फ्लेक्सवर येत नाही.

जेवणं झाल्यावर मी तिला माझी एक गोष्ट सांगितली. आधी कधी सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नव्हतं.

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला आमची ठाकरवाडी. बाप भाताच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतावर, एरवी जंगलातून लाकूडफाटा. वाडीतून हायस्कूलला येणारी मुलगी मी एकटी. आठवीत सहामाहीला मला गणितात वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. मास्तरांनी सगळ्यांचे मार्क वाचले, माझे शेवटी वाचले. मग म्हणाले, "ऊठ. कोणाचं बघून लिहिलंस?"

मी उठले. माझ्यापेक्षा जास्त मार्क वर्गात कोणालाच नव्हते, मग बघून लिहायचं कोणाचं? एवढी साधी गोष्ट त्या वर्गात कोणी बोललं नाही. मीही नाही.

मास्तर मला स्टाफरूममध्ये घेऊन गेले. चहाची वेळ होती. टेबलाच्या कोपऱ्यावरचे कप सरकवून त्यांनी जागा केली आणि तिथल्या फळ्यावर नवी गणितं लिहून दिली. खुर्च्या शिक्षकांच्या होत्या. मी उभ्यानेच, टेबलावर वाकून पेपर लिहिला. शिक्षक चहा पीत, गप्पा मारत बसले होते. मास्तरांनी तिथेच तपासला. पहिल्यापेक्षा थोडे कमी पडले, पण तरी वर्गात पहिलेच. ते म्हणाले, "बरं. जा, बस जागेवर." एका बाईंनी कप ठेवता ठेवता म्हटलं, "पाठ केलं असेल हो. ह्यांचं पाठांतर चांगलं असतं."

घरी सांगितलं. बाप म्हणाला, "मास्तरांची खात्री पटली ना? मग झालं तर."

"मग तू दाखवून दिलंस ना, आई?" रोशनी म्हणाली. तिचे डोळे चमकले होते. तिला वाटलं, गोष्ट तिथे संपली.

"दाखवून दिलं. मग पुढच्या परीक्षेला माझा बाक मास्तरांच्या टेबलाशेजारी लावला. तिथून पुढे प्रत्येक परीक्षेला. दहावीपर्यंत. का, ते सगळ्या वर्गाला माहीत होतं."



मी सांगितलं ते एवढंच. एकदा सिद्ध करून सुटले नाही. एकदा उठले, म्हणून दर वेळी उठावं लागलं. जास्त पडले तेव्हा चोरी म्हणाले, तुला कमी पडले तर सवलत म्हणाले. पुढच्या वर्षी अठ्ठ्याण्णव आणलेस, तर म्हणतील दोनदा बसली म्हणून आले. क्लासमधल्या त्या बाकावरच्या माणसाचं समाधान होईल असा आकडा अजून कोणी काढलेला नाही.

"सीट घ्यायची की नाही, ते तू ठरव," मी म्हटलं. "पण त्यांना दाखवायला म्हणून माझ्या घरात कोणी दुसऱ्यांदा पेपर देणार नाही. तुला स्वतःला केमिस्ट्री पुन्हा शिकायची असेल, तर वेगळी गोष्ट."

त्या वेळी मला राग आला होता असं मी म्हणणार नाही. कंटाळा आला होता. आठवीपासून आलेला कंटाळा. रागात माणूस दुसऱ्याला काहीतरी पटवायला जातो. कंटाळलं की पटवणं सोडून देतो. मला वाटतं, माझे डोळे उघडले ते त्या कंटाळ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकला आणि क्लासला गेले. रोशनी बरोबर आली, मी बोलावलं नव्हतं. सर फोनवर होते. ते संपेपर्यंत मी थांबले. मग सांगितलं, एक तर बाकीच्यांसारखा हिचाही आकडा लिहा, नाही तर फोटो काढा.

सरांना आधी कळेचना. मग म्हणाले, कंस खटकला का, त्यावर स्टिकर मारून देतो. मी म्हटलं, स्टिकर नको. आम्ही एसटी आहोत, ते झाकायचं नाहीये. पण नुसतं तेवढंच लिहू नका.

"मावशी, एक्क्याऐंशी लिहू का बोर्डावर? पोरं हसतील हो. तुमच्याच मुलीला त्रास होईल."

"हसू देत. लिहा."

त्यांनी जिन्याकडे बघितलं. वरच्या नव्व्याण्णवांच्या रांगेचा विचार करत असावेत. एका फ्लेक्सवर ते दोन्ही आकडे त्यांना चालणार नव्हते. शेवटी म्हणाले, आकडा नाही टाकता येणार.

"मग काढा."

सर रोशनीकडे वळले. "तू तरी समजाव यांना. उद्या तुलाच बसायचंय ना इथे, रिपीटरला?"

"नाही सर," रोशनी म्हणाली. "मी सकाळीच सीट कन्फर्म केली."

मलाही ते तिथेच कळलं. पप्पांच्या मोबाइलवरून तिने पैसे भरले होते, मी कंपनीत असताना.

क्लासच्या शिपायाने स्टुलावर चढून कटरने तिचा चौकोन कापला. फ्लेक्सच्या कोपऱ्यात भोक पडलं, त्यातून मागची मीटरपेटी दिसायला लागली. सर म्हणाले, शोभा गेली सगळी. कापलेला तुकडा मी मागून घेतला. फ्लेक्स चांगल्या जाडीचा होता. आता तो घरी पाण्याच्या पिंपावर असतो, छापील बाजू खाली. कंपन्यांकडून येणारी धूळ अडते.

रोशनी हॉस्टेलला गेली. पहिल्याच आठवड्यात फोन आला. मेसमध्ये मुलींनी ओळख करून घ्यायला सुरुवात केली होती. नाव, गाव, पर्सेंटाईल. तिथे तीच पद्धत. जात कोणी विचारत नाही, पर्सेंटाईल विचारतात आणि जात काय ते समजून घेतात. तिची पाळी यायच्या आधी ती हात धुवायचं निमित्त करून उठून आली होती. नळापाशी उभी राहून मला फोन करत होती.

मी तिला धीर दिला नाही. माझ्याकडे द्यायला तो नव्हता.

"ताट तिथेच आहे?" मी विचारलं.

"हो."

"मग परत जा आणि बस. पर्सेंटाईल विचारलं तर पर्सेंटाईल सांग. जमात विचारली तर जमात सांग. आवाज खाली करू नको. आणि जेवण संपेपर्यंत उठू नको."

दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. सांगितलं म्हणाली, दोन्ही सांगितलं. मी विचारलं, मग काय झालं? तर एक मुलगी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

"आणि तू?"

"मी जेवले," रोशनी म्हणाली.

बस. एवढंच करायचं. ज्यांना उठायचं असेल त्यांनी उठावं. आम्ही आता उठत नाही.